ड्रम जवळ घ्या

अगं, दुष्काळात ऊसच नव्हता, तेव्हा कारखान्याच्या रिकाम्या यार्डात ड्रमच्या दोन रांगांमधून ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घ्यायची शर्यत ठेवलेली. सुनंदाअक्का गावोगाव पाण्याचा टँकर चालवायची, आम्हा पोरींनाही तिनंच शिकवलेलं. तिचा नंबर आला तसा पंच ओरडला, "बाईमाणूस हाय, ड्रम लांब सरकवा बे!"

अक्कानं खाली उतरून ड्रम स्वतःच ढकलत परत जागेवर आणले. म्हणाली, "गल्लीत टँकर मागं घेताना माझ्यासाठी कुणी घरं सरकवली न्हाईत." अन् एकाही ड्रमला धक्का न लावता ट्रॉली मागं नेली.

पुढचा नंबर माझा. ड्रम सरकवायचे का म्हणून पंच अक्काकडंच बघायला लागला.

"माझ्याकडं कशाला बघता? तिला इचारा," अक्का म्हणाली.

मी ट्रॅक्टरवर चढून क्लचवर पाय ठेवला. अन् म्हणलं, "अजून जवळ घ्या."