कंसातली अट

नाव: नितेश भागोजी शिवगण. वय: २२ वर्षे. धंदा: नोकरी, संगणकाचे काम, कालपासून नाही. शिक्षण: बारावी पास, पुढे डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला. राहणार: हातखंबा, ता. जि. रत्नागिरी.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून जबाब देतो की, गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर मनस्वी मयेकर यांनी माझ्या एका ओळीत दोन कंस घातले, तेव्हापासून माझे सगळे बदलले. हवालदार घवाळी साहेबांनी विचारले की हे लिहायलाच पाहिजे का. मी म्हटले, गुन्हा त्याच दोन कंसांचा आहे, दुसरी सुरुवात मला येत नाही.

जबाब आधी घवाळी साहेब लिहीत होते. पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रत्येक नावाच्या पुढे डॉलरची खूण असते, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी पेन ठेवले. "म्हणजे परदेशी पैशाचा व्यवहार हाय का रे?" नाही, ती नुसती खूण आहे, म्हटले. "मग तूच लिही बाबा. मी वाचून बघतो." म्हणून हा मजकूर माझ्या हातचा आहे.

मी मिरजोळे औद्योगिक वसाहतीत 'हातात हात' या वधू-वर केंद्रात कामाला होतो. खाली काजू फोडण्याचा कारखाना, वर आमचे ऑफिस. मालक सर्वेश पावसकर. संकेतस्थळाचे सगळे काम मनस्वी मॅडम बघत आणि मी त्यांच्या हाताखाली. तिघांशिवाय कोणी नाही.

संकेतस्थळावर लोक स्थळ शोधतात. वधू हवी की वर, वय, उंची, शिक्षण, तालुका, नोकरी, पत्रिका अशा पेट्या असतात. कोणी दोन भरतो, कोणी सगळ्या, कोणी एकही नाही. भरलेल्या पेट्यांवरून डेटाबेसला प्रश्न विचारायचा आणि यादी आणायची, हे काम.

मी आलो तेव्हा हे शोधाचे पान मला लिहायला दिले होते. मी प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा प्रश्न लिहीत गेलो. वय असेल तर हा, वय आणि उंची असेल तर तो, वय आहे पण उंची नाही तर तिसरा. एकात एक घुसलेले इफ आणि एल्स, म्हणजे 'असेल तर' आणि 'नसेल तर', शेवट कुठला कुणाचा ते मलाच कळेना. डिप्लोमा अर्धा टाकून आलेल्या माणसाला वाटते की खूप लिहिले म्हणजे खूप येते. मनस्वी मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचले. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नितेश, तू प्रत्येक पाहुण्यासाठी नवीन घर बांधतोयस. घर एकच ठेव, पाट वाढव."

त्यांनी माझ्यासमोर नव्याने लिहिले. आधी एकच पक्की अट: ज्याने आपली माहिती दाखवू नये असे सांगितलेले नाही तोच. मग खाली एकेक पेटी. पेटी भरलेली असेल तर एक अट यादीत टाकायची, नसेल तर गप्प पुढे जायचे. भरलेली किंमत प्रश्नात चिकटवायची नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि किंमत वेगळी पाठवायची, म्हणजे कोणी पेटीत वेडेवाकडे लिहिले तरी डेटाबेस त्याला हुकूम समजत नाही. शेवटी सगळ्या अटी 'आणि' लावून जोडायच्या. माझी कित्येक पाने होती, त्यांचे एका नजरेत मावत होते. घवाळी साहेब, मी खूप लोकांना काम करताना बघितले आहे. असे स्वच्छ काम मी दुसरे बघितलेले नाही. हे लिहून ठेवावे.

रिकाम्या पेटीबद्दल त्या एक सांगत. "रिकामी पेटी म्हणजे नकार नव्हे. ज्याने अट घातली नाही त्याच्या वतीने आपण घालायची नाही." मी शिक्षणाच्या पेटीबद्दल विचारले होते, कारण पदवीधर अशी अट आली की माझ्यासारखे यादीतून जातात. त्या म्हणाल्या, "ज्यांनी घातली त्यांच्या यादीतून. सगळ्यांच्या नाही."

आता कंस. आमच्याकडच्या माणसांची एक ठरलेली मागणी असते: मुंबईत नोकरी, किंवा गाव रत्नागिरी तालुक्यात. दोहोंपैकी एक चालते. यात 'किंवा' आला. मी तो नुसता लिहिला होता. मॅडमनी त्या दोन अटींभोवती कंस घातले. मी विचारले, काय फरक पडतो. त्या म्हणाल्या, "आईने तुला सांगितलं, ताजी आणि स्वस्त अशी सुरमई किंवा बांगडा आण. तुला कळतं की बांगडापण ताजा पाहिजे. मशीनला नाही कळत. ते ताजी, स्वस्त सुरमई बघतं, नाही तर कुठलाही बांगडा उचलतं. सडका असला तरी. कंस घातला की दोघांनाही ताजं असावं लागतं." मी म्हटले, मॅडम, तुम्हाला बाजारात पाठवायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "मॅडम काय रे सारखं. दोन वर्षांनी मोठी आहे नुसती." मी मॅडमच म्हणत राहिलो.

ज्याला आपले नाव यादीत नको असेल त्याच्यासाठी एक खूण असते: दाखवू नये. कोणाचे ठरलेले असते, कोणाला आधीचा त्रास असतो, कोणी नुसते नाव घालून ठेवतो आणि थांबतो. मॅडम म्हणत की ती खूण म्हणजे आतून लावलेली कडी आहे, ती तपासणारी ओळ सगळ्यात वर पाहिजे आणि तिला कोणी हात लावायचा नाही. कोणी विचारले नसते तरी त्यांनी ती रोज तपासली असती. मी बघितले आहे.

तुळशीच्या लग्नानंतर फोन वाढले. गेल्या मंगळवारी मनस्वी मॅडम आईला डोळे दाखवायला घेऊन गेल्या होत्या. सकाळी सर्वेश सर त्यांच्या खुर्चीत बसले. मशीन चालू होते, मॅडमच्याच नावाने उघडलेले. सर म्हणाले, गिऱ्हाईक बोंबलतात, यादीत मोजकीच स्थळे येतात, सीझनला असे चालणार नाही. ते कोड वर-खाली करत होते. मी मागे उभा होतो. त्यांनी त्या ओळीतले दोन कंस काढले, आतले तसेच ठेवले, आणि यादी बघितली. यादी लांब झाली होती. त्यांना बरे वाटले.

मी म्हटले, "सर, कंस नका काढू. मॅडमना विचारा."

ते म्हणाले, "कंसातलं असतंच जादाचं. कंस काढला तरी वाक्य पुरं होतं, शाळेत शिकला नाहीस? का तेपण अर्धवटच सोडलंस?"

मी खाली जाऊन टपरीवर चहा घेतला, आणि राग उतरला नाही म्हणून दुसरा घेतला. वर आल्यावर सरांनी मला बँकेत पाठवले. ती यादी मी तेव्हाच बघायला हवी होती.

दुपारी आल्याबरोबर एक फोन घेतला. लांज्याचे बाळा गुरव म्हणून गृहस्थ. ते म्हणाले, "अवो, मी पोराला बायको बगतोय, नि तुमचा कंपूटर मला बापये दाखवतोय. एकाचा फोटो उघडला तर मिशा हायत. त्याच्याखाली रत्नागिरीतला माजा साडू हाय. त्याचं लगीन होऊन तीस वर्सं झाली, हे माज्या मेव्हणीला माहीत हाय का?" मी हसलो. मग हसू थांबले, कारण मला कळले काय झाले आहे.

मी गिऱ्हाईक म्हणून पान उघडले आणि तीच मागणी भरली. यादीत रत्नागिरी तालुक्यातले झाडून सगळे आले. बाई, बाप्या, कुठल्याही वयाचे. आणि दाखवू नये अशी खूण केलेलेही सगळे. कंस नसल्यामुळे वरच्या साऱ्या अटी मुंबईवाल्यांना लागल्या, आणि रत्नागिरीवाल्यांना एकही लागली नाही. कुठलाही बांगडा.

ज्यांच्या अर्जावरून ही चौकशी चालू आहे त्या अर्जदाराच्या बहिणीचे नाव त्या यादीत होते. ते मी इथे लिहीत नाही, ते तुमच्याकडे आहे. तिने तिचे मोडलेले लग्न आणि नंतरचा त्रास सांगून खूण करून घेतली होती. ज्याच्याशी मोडले त्या माणसाने त्याच दिवशी तिचा नवीन नंबर आणि वाडी बघितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो तिच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, जाऊन उभा राहिला. तिच्या भावाने त्याला हाकलले आणि इथे अर्ज दिला. मुलीला इजा नाही, एवढे मला समजले आहे.

घवाळी साहेबांनी विचारले, त्या वेळी तू स्वतः कोणाची लपवलेली माहिती उघडून बघितलीस का. खरे सांगतो. यादी खाली नेताना तिसऱ्या पानावर मला एका ओळखीच्या मुलीचे नाव दिसले. यादीत फक्त नाव, वय आणि गाव असते. नावावर टिचकी मारली की आतले उघडते: फोन, फोटो, आणि अपेक्षा. अपेक्षांमध्ये शिक्षणाची पेटी असते. माझा हात माउसवर होता.

मी टिचकी मारली नाही. ती पेटी भरलेली आहे की रिकामी, मला माहीत नाही.

ती मुलगी कोण, असे विचारण्यात आले. ते सांगत नाही. आपले नाव दाखवू नये अशी खूण तिने स्वतः केली होती, आणि ती खूण तपासणारी ओळही तिनेच लिहिली होती. हे वाचून घवाळी साहेबांनी माझ्याकडे बघितले आणि स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "पुढे लिही."

मी शोधाचे पान बंद केले आणि मनस्वी मॅडमना फोन केला. त्या आईला रिक्षात बसवून तशाच मिरजोळ्याला आल्या. त्यांनी आधी कंस घातले, मग विचारले कोणी काढले. माझे डोळे सरांकडे गेले असतील. मॅडम लगेच ज्यांच्या माहितीला खूण होती त्या प्रत्येकाला स्वतः फोन करायला बसल्या. "आमच्याकडून चूक झाली, तुमची माहिती काही तास उघडी होती, अनोळखी फोन आला तर मला कळवा." शिव्या ऐकल्या. कोणाला अर्धवट सांगितले नाही, आणि चूक माझी नाही असे एकदाही म्हटले नाही. माझ्यासमोर चाळीसएक फोन झाले. मी त्यांना पाणी दिले. अर्जदाराच्या घरचा फोन मात्र लागला नाही. त्यांनी तो पुन्हा पुन्हा लावला.

काल सकाळी ऑफिसात पोलीस आले. सर्वेश सरांनी सांगितले की बदल मनस्वीच्या नावाने झाला आहे, मशीन तिचे, चूक तिची, तिला काढून टाकले आहे. मॅडम तेव्हा तिथे नव्हत्या. पोलीस गेल्यावर मी सरांना म्हटले, खुर्चीत तुम्ही होता, मी मागे उभा होतो. सर म्हणाले, "तुला कोण विचारतो? बारावी पास. आणि तिच्यासाठी एवढा का उडतोस, ती तुला भाव तरी देते का?"

मी त्यांची कॉलर धरली. मारले नाही. टेबलावरची बाटली पडली आणि कीबोर्डवर पाणी सांडले, ते माझ्याकडून. सरांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली तर माझे म्हणणे हेच राहील.

मनस्वी मॅडमशी माझे काय संबंध, असेही विचारण्यात आले. त्या मला काम शिकवत. त्यांच्या बाजूने एवढेच. त्यांनी मला हा जबाब द्यायला सांगितलेले नाही, मी इथे आहे हे त्यांना माहीतही नाही. बदल त्यांच्या नावाने दिसतो तो मशीन चालू राहिले म्हणून. त्या वेळी त्या डोळ्यांच्या दवाखान्यात आईजवळ होत्या, तिथल्या बाईंना विचारून घ्यावे. कंस त्यांनी घातले होते. काढले सर्वेश पावसकर यांनी, माझ्या डोळ्यांदेखत. मॅडमच्या हातून अशी चूक होत नाही, हे माझे मत म्हणून लिहायचे असेल तर मत म्हणून लिहा.

कॉलर सोडल्यावर मी माझ्या मशीनवर बसलो. कंस जागेवर आहेत का ते बघितले. होते. दाखवू नये ही ओळ वर आहे का ते बघितले. होती. शोधाचे पान उघडून तीच मागणी पुन्हा भरली. यादी आखूड आली, त्यात ते नाव नव्हते. मी मशीन बंद केले आणि चावी सरांच्या टेबलावर ठेवली. आमच्या ऑफिसचे दार दमट हवेने फुगले आहे, जोराने ओढल्याशिवाय लागत नाही, म्हणून सगळे ते अर्धे उघडेच टाकून जातात. मी बाहेर आलो आणि कडीचा आवाज येईपर्यंत दार ओढून घेतले.

हा जबाब घवाळी साहेबांनी मोठ्याने वाचला, डॉलर आला तिथे मी सांगितले. जसे घडले तसे आहे. जबाबाच्या तिसऱ्या पानावर एक नाव लिहून खोडले आहे, खोडल्याजवळ माझी सही आहे.

नितेश भागोजी शिवगण