बेटावरचा नियम

माळव्यात मराठी अजून जिवंत आहे, याचा पुरावा मला देवासच्या एका दवाखान्यात, नंबराची वाट पाहताना मिळाला. शेजारी उदाजीराव बसले होते. आयर्लंडला मुलाकडे राहून नुकतेच परतलेले. ऐकायला भावजय, नर्मदाबाई.

"तिथलं एक एवढंसं बेट पाहिलं, वहिनी. चहूकडे समुद्र. पण तिथली माणसं घरात बोलणार आपल्याच आयरिश भाषेत. इंग्रजी फक्त पाहुण्यांशी."

"मुलंसुद्धा?"

"मुलंसुद्धा. दुसऱ्या भाषेत बोललं तर आजी उत्तरच देत नाही."

"तुमची इथली नात तर माझ्याशी हिंदीतच बोलते, भाऊजी."

"बोलत होती. आल्या दिवशीच घरात नियम केला. हिंदीत मागशील तर पाणीसुद्धा मिळणार नाही."

"मग ईशानी आता मराठी बोलते?"

"बोलेल. जिद्दी आहे, आमच्यावर गेली."

"म्हणजे अजून हिंदीच?"

"छे, हिंदी अगदी बंद."

"मग बोलते तरी काय?"

"माझ्याशी काहीच बोलत नाही. आठवडा झाला."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव पाहून ते उभेच राहिले.

"हां बेटा, बोल. नहीं नहीं, हिंदी में ही बोल."

आतून त्यांच्या नावाचा दोनदा पुकारा झाला. मग माझा नंबर लागला.