घळीच्या अलीकडे

लेक : थर्मास इकडे द्या, बाबा. मी ओतते.

कप्तान : का? माझे हात मोडलेत?

लेक : बरं, ओता तुम्हीच. पण थर्मासचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवू नका. वरून ओता.

कप्तान : हा काय पोरखेळ?

लेक : पोरखेळच समजा. ओता.

कप्तान : घे. झालं समाधान?

लेक : सगळा चहा दगडावर सांडला, बाबा.

कप्तान : वारा आहे.

लेक : पानसुद्धा हलत नाहीये.

कप्तान : बाई कुठे गेल्या?

लेक : त्या बघा, झाडाखाली. सायकलच्या टायरची हवा बघतायत, पुन्हा एकदा.

कप्तान : घाबरल्यात. घाबरू देत. घळीसमोर पहिल्यांदा उभं राहून ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी नेतच नाही. बाकीचे पोचले पलीकडे?

लेक : चौघंही पोचले. खाली उतारावर थांबलेत. आता आपण तिघंच उरलोय. बाबा, बाईंना आज तुम्ही ओढू नका.

कप्तान : मग कोण ओढणार? तुझी आई?

लेक : मी ओढते.

कप्तान : अगं, या जंगलात सायकल घेऊन आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला घळीवरून पहिल्यांदा मीच नेलंय. तुलासुद्धा. त्याने फक्त माझ्या मागच्या चाकावर नजर ठेवायची. मी ज्या वेगात, त्याच वेगात त्याने येऊन उडी मारायची. मी ब्रेक दाबत नाही, म्हणून तोही दाबत नाही. विचार करायचं काम त्याच्याकडे ठेवायचंच नाही. त्यालाच ओढणं म्हणतात.

लेक : आणि तुम्हीच ब्रेक दाबलात तर?

कप्तान : मी कशाला दाबेन?

लेक : तुमच्या उजव्या डोळ्याला काय झालंय?

कप्तान : काही नाही. वय झालं की थोडंफार व्हायचंच.

लेक : जिन्याची पहिली पायरी तुम्ही पायाने चाचपता. आईने विचारलं तर गुडघ्यावर ढकललंत. दाराला कडी घालताना दोनदा चुकता. मी त्याच घरात राहते, बाबा. मला दिसतं.

कप्तान : आतला पडदा गेलाय. परत येत नाही म्हणाले डॉक्टर. पण डाव्याने सगळं लख्ख दिसतं बरं का! झाड दिसतं, दगड दिसतो, तू दिसतेस. फक्त वस्तू किती लांब आहे ते... ते कळत नाही.

लेक : आणि घळीचा काठ?

कप्तान : घळ मी डोळ्यांनी ओलांडत नाही, अंगाने ओलांडतो. ही वाट मी स्वतः कुदळीने काढलीय. झोपेत उठवलंस तरी उडी मारून दाखवीन.

लेक : वाट तुमची. पण जुना काठ ढासळला, आणि नवा आम्ही मागे सरकवून बांधला. तुमच्या अंगाला तो ठाऊक नाही.

कप्तान : नव्या काठावरूनही उडालोय मी.

लेक : उडालात. पण काठाच्या जरा अलीकडे तुम्ही ब्रेक दाबता. पुसटसा. तुम्हाला स्वतःलाही कळत नाही. तुमचं अंग मुरलेलं, तुम्ही सायकल उचलून कसंबसं निभावता. मागच्याला ते जमत नाही. त्या दिवशीही जमलं नाही.

कप्तान : मागे कोण होतं?

लेक : पोस्टमन.

कप्तान : त्याचं काय? तो बिचकला. ऐन वेळी ब्रेक दाबला आणि गेला घळीत. सगळ्यांनी बघितलंय.

लेक : सगळ्यांनी त्याला पडताना बघितलं. मी काठाशी उभी होते, मी तुमचं चाक बघत होते. आधी तुमचं चाक फरपटलं, मग त्याचं. तुम्ही शिकवलंत तेच त्याने केलं, बाबा. अगदी मुकाट्याने.

कप्तान : आधी माझं चाक.

लेक : आणि खांदा मोडून पडलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणालात?

कप्तान : आठवतंय मला.

लेक : म्हणालात, "हे काम छातीचं आहे. तू आपला पत्रं वाटत फिर." सगळे हसले. तोही हसला, दात आवळून. नंतर सायकल विकून टाकली त्याने.

कप्तान : तेव्हाच का नाही बोललीस?

लेक : तुमची लेक म्हणून. चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावणं जिवावर आलं. ती चूक झाली. आज पुन्हा तोंड शिवून बसले तर तिला चूक नाही म्हणता येणार.

कप्तान : घळ सोडली तर माझं उरतं काय गं? दुकानात बसून पंक्चर काढू? लोक मला कप्तान म्हणतात ते कशावर?

लेक : मला माहीत नाही, बाबा. उत्तर घेऊन आले नाहीये मी. सोमवारी बाईंना धड पायांनी वर्गात उभं राहायचंय, एवढंच मला कळतं.

बाई : झालं का तुमचं गुफ्तगू? लवकर काय ते करा, टायरची हवा तिसऱ्यांदा बघून झाली माझी. त्या खड्ड्याला तुम्ही सगळे सासूबाई का म्हणता, ते आता कळलं.

लेक : का म्हणतात?

बाई : एकदा बिचकलं की जन्माचं बिचकलं!

कप्तान : बाई, बसा जरा.

बाई : बसले तर उठणार नाही मी. चला, कप्तान. तुमच्या चाकावर डोळे लावते आणि बाकी देवावर सोडते.

कप्तान : मी तुम्हाला ओढणार नाही.

बाई : का? माझं काही चुकलं?

कप्तान : तुमचं नाही. माझा उजवा डोळा गेलाय. काठ दिसतो, पण किती अंतरावर आहे ते कळत नाही. काठाशी माझा ब्रेक दाबला जातो. माझ्या मागे आलात तर घळीत पडाल.

बाई : आणि हे मला आत्ता सांगताय?

कप्तान : हो.

बाई : सकाळी जीप सोडल्यापासून सगळे उतार मी तुमच्या मागून उतरलेय, कप्तान! आंधळा विश्वास ठेवून!

कप्तान : माहीत आहे.

बाई : माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं मी.

कप्तान : कमीच झालं असतं ते. त्या बाजूने पायवाट आहे. सायकल हातात धरून निवांत उतरता येतं. मी त्याच वाटेने जाणार आहे, चला माझ्याबरोबर. कुणी हसणार नाही. हसलाच कुणी तर गाठ माझ्याशी आहे.

बाई : आणि उडी मारायची असेल तर?

लेक : मी ओढीन.

बाई : याआधी कुणाला ओढलंयस?

लेक : नाही. पहिल्यांदाच.

बाई : तू निदान आधी सांगितलंस. आधी एकटी उडी मारून दाखव. मग ठरवते.

लेक : दाखवते. मारते आणि पायवाटेने परत वर येते.

कप्तान : इकडे ये, पोरी. एक ऐक. बाईंना घेऊन निघालीस की मागे वळून बघायचं नाही. येतायत का, राहिल्यात का, काही नाही. मागचं माणूस आहेच असं धरून जायचं. तू डगमगलीस तर त्या डगमगतील.

लेक : बाबा, तुम्हाला भीती वाटायची? मला ओढताना?

कप्तान : दातखीळ बसायची. म्हणून तर गाणं म्हणायचो.

(घळीच्या पलीकडे, उतारावर.)

बाई : उतरले! कप्तान, उतरले मी! दोन्ही चाकं एकदम! बघितलंत ना?

कप्तान : ऐकलं.

लेक : ऐकलं? इथेच तर उभे होतात!

कप्तान : तू काठाकडे निघालीस आणि मी डोळे मिटून घेतले. दोन्ही. डोळे धड असते तरी बघवलं नसतं. तुझी आई मी घरी येईपर्यंत दारात ताटकळायची, तिला भित्री म्हणायचो मी. काय म्हणून म्हणायचो कोण जाणे.

बाई : कुणाकडे पाणी आहे का?

कप्तान : बसा. पाणी प्या. फार छान उतरलात.

बाई : माझा राग गेलेला नाही हं, कप्तान.

कप्तान : इतक्यात जाऊही देऊ नका.

लेक : बाकीचे बोलावतायत. बाई, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच.

कप्तान : पोस्टमन हल्ली कुठे राहतो गं?

लेक : तिथेच, टपाल कचेरीच्या मागे. का?

कप्तान : जायचंय. आधी या चौघांना सांगतो, त्या दिवशी तेही हसले होते. मग त्याच्याकडे.

लेक : काय सांगणार त्याला?

कप्तान : की ब्रेक माझा होता. आणखी काय सांगायचं? खांदा तर काही परत देता येत नाही.

लेक : त्याने दार नाही उघडलं तर?

कप्तान : बाहेरून सांगेन. ऐकू तर जाईल.

लेक : मी येऊ तुमच्याबरोबर?

कप्तान : दारापर्यंत नको. पण ही किल्ली घे. परत जाताना जीप तू चालव.