आमच्याच बिल्डिंगचं गणित

हसताय काय, त्या ऑफिसात मी पुढे सहा महिने जीव मुठीत धरून चहा प्यायलोय! शहाण्णव साल असेल. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या गायकवाडसाहेबांनी इमारतींच्या डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर आणलं. म्हणाले, "सरावाला आपलीच बिल्डिंग टाक."

आम्ही चौथ्या मजल्यावर. नेहमीसारखा स्लॅब हिशोबात एकदम कडक, न वाकणारा धरला. स्क्रीनवरच्या भूकंपात सगळे कॉलम एकसाथ हलले, सगळं पास.

साहेब म्हणाले, "आता सेमी-रिजिड कर. म्हणजे स्लॅब खऱ्यासारखा थोडा वाकेल."

केलं. जिन्यापाशी आमचा स्लॅब कमरेसारखा अरुंद होता. स्क्रीनवर त्याच्या पुढचा अख्खा कोपरा शेपटीसारखा झुलायला लागला. चार कॉलम फेल.

"हा कुठला कोपरा रे?"

"आपला, साहेब. आपण बसलोय तो."

तेवढ्यात खालून ट्रक गेला आणि कपबशा वाजल्या. आईशप्पथ, माझी जाम टरकली. साहेबांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं.

मग घसा खाकरून म्हणाले, "घाबरायचं नाही. कॉम्प्युटर काहीही दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर साहेबांचं टेबल बाहेर पॅसेजमध्ये, जिन्याला लागून.

माझं होतं तिथेच.