मुका खेळ

गोदाक्का : ...ते असू दे. पण तो हिरवा चौकोन काय म्हणून पळतोय, ते सांग आधी.

आत्माराम : आक्का, ती सुरमई आहे.

गोदाक्का : सुरमई? मेल्या, जन्म गेला तुझा भाट्याच्या खाडीवर. सुरमईला कोपरे असतात काय?

आत्माराम : अगो, टीव्हीवरचा खेळ आहे हा. सगळं चौकोनांनीच काढतात. हा पिवळा ठिपका म्हणजे पाणबुड्या. ही दांडी हलवली की तो हलतो. सुरमई चुकवायची आणि खालचे मोती उचलायचे.

गोदाक्का : सुरमई चुकवायची? धरायची सोडून? आणि दर्या काळा कसा?

आत्माराम : खोल पाणी काळंच असतं. मला तर आवडलं ते. सिंगापूरच्या दुकानात पाहिलं आणि हललोच नाही. काळ्यावर तो पिवळा काय उठून दिसतो, बघ तरी.

मालन : चित्राचं जाऊ द्या हो आक्का. मला ते वाजणं सोसत नाही. तेच तेच चार सूर, फिरून फिरून. आमच्या भजनात कुणी पेटी अशी वाजवली तर हात धरून उठवतील त्याला.

गोदाक्का : नाय गो, वाजणं बरं हाय. आमच्या सासरी, अलोऱ्याच्या कॉलनीत लाउडस्पीकर लावतात त्यापेक्षा गोड. मला त्या मधे बोलणाऱ्याचं कळत नाय. तो बाप्या कोण?

मालन : बाप्या नव्हे, बाई आहे. मोती उचलला की बोलते.

गोदाक्का : बाई अशी बोलते? चिलट डब्यात कोंडल्यासारखी?

मालन : इंग्रजी बोलत असेल. यांनाच विचारा. अहो, ती काय म्हणते?

आत्माराम : कोण?

मालन : ती खेळातली.

आत्माराम : यात बाई नाही.

मालन : दिसत नाही हो. बोलते.

आत्माराम : कोण बोलतंय? मुका खेळ आहे हा. मासा चावला की धप्प वाजतं, तेवढंच.

गोदाक्का : आणि गाणं?

आत्माराम : कसलं गाणं?

मालन : आता आमची चेष्टा करा. तुम्ही आल्यापासून डोकं उठलंय माझं त्यानं.

आत्माराम : चेष्टा तुम्ही दोघी करताय. मी इतका वेळ ऐकतोय, चार सूर काय, चिलट काय. मला वाटलं ठरवून चाललंय तुमचं.

मालन : देवाशप्पथ वाजतंय. आत्तासुद्धा वाजतंय. टुंई टुंई, टुंटुं टुंई.

आत्माराम : आत्ता?

गोदाक्का : आत्ता रे!

आत्माराम : थांब. म्हणून तो दुकानदार... तो कानावर हात ठेवून मान डोलवत होता. मी म्हटलं, याचं डोकं फिरलंय. मग मी पण डोलवली. पण वाजत असतं तर मला नसतं आलं ऐकू? तुझं येतंय की, आक्का.

गोदाक्का : माझं खाडीपलीकडच्यालाही येतं. आत्माराम, तिकडं भिंतीकडं तोंड कर बघू. का म्हणून विचारू नको, कर. मालन, बोल काहीतरी. ओरडू नको हां, रोजच्यासारखं बोल.

मालन : काय बोलू? ...अहो, भात निवतोय. जेवायला येताय ना?

गोदाक्का : ऐकलंस?

आत्माराम : बोलली ती?

(खेळ चालूच आहे.)

गोदाक्का : बारा वर्षं बोटीवर त्या इंजिनाच्या पोटात तेलपाणी करतोस. तिथं कुणाला सांगितलं नाहीस?

आत्माराम : काय सांगणार? तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. वर डेकवर आलो की लाटा, वारा. मला वाटायचं लोकच हळू बोलायला लागलेत. तुमचं तोंड बघितलं की कळतं मला. बरोबर कळतं. मग कान गेले कसे म्हणू?

मालन : परवा परसातून तीन हाका मारल्या मी. तुम्ही विहिरीशी उभे होता. वळलासुद्धा नाहीत.

आत्माराम : मारल्यास?

मालन : आक्कांनी ओसरीवरून एक हाक मारली, तर लगेच ओ दिलीत. मी किती दिवस मनात घोळवतेय, माझाच कंटाळा आलाय यांना. कुठल्या बंदरात कुणी भेटलं असेल.

आत्माराम : मालन!

मालन : मग काय समजायचं मी? आल्यापासून त्या पिवळ्या ठिपक्यापुढं बसलाय.

आत्माराम : त्यात कुणी बोलत नव्हतं म्हणून बसत होतो. घरात सगळे बोलतात, हसतात, आणि माझं कायतरी मधलं सुटतं. मग मी उगाच हसतो. इथं बघायचं नि दांडी हलवायची, तेवढंच. आता तुम्ही सांगता, यातही बोलतात.

गोदाक्का : सकाळी दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर.

आत्माराम : आणि त्यांनी लिहून दिलं कान गेले म्हणून, तर कंपनी परत घेईल मला? बोटीवर चढवायच्या आधी तपासतात आक्का. घंटा ऐकू आली नाही तर माणसं मरतात तिथं.

गोदाक्का : म्हणूनच जायचं. पुढचं पुढं. मी भात ऊन करते जरा. बोला तुम्ही.

आत्माराम : मालन, तू रडतेस की हसतेस? मला कळेनासं झालंय.

मालन : मलाही कळत नाही. तुमचे कान गेले, नि मला बरं वाटतंय. काय बाई आहे मी!

आत्माराम : काय म्हणालीस? मान खाली घालू नको.

मालन : काही नाही. आलात त्या रात्री, दिवा घालवल्यावर, मी एक विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी समजले, तेच उत्तर.

आत्माराम : अंधारात? काय विचारलंस?

मालन : तो टीव्ही बंद करा. आणि इकडं बघा, माझ्याकडं. परत विचारते.