खरजेच्या डॉक्टरची बिलं

माझ्या नोकरीला हसू नका गड्यांनो, त्या नोकरीनं माझा चुलता वाचवलाय. कॉलेज सोडल्यावर सांगलीत विम्याच्या ऑफिसात मला एकच काम मिळालं. डॉक्टर फॉर्मवर स्वतःला कशाचा तज्ज्ञ म्हणवतो आणि त्याची बिलं कशाची येतात, हे ताडून बघायचं. माझा सुभेदार चुलता त्याला बायकी काम म्हणायचा. सुट्टीला गावी गेलो, तर त्यालाच भरदुपारी उसात घोणस चावली.

गाडी मी चालवत होतो. म्हणालो, "पाटणात स्टँडमागच्या डॉक्टरकडं नेतो."

मागं चुलत्याला धरून बसलेले वडील खवळले. "आरं, त्यो खरजेचा डॉक्टर हाय! कराडला चल. तिथली पाटी बघ केवढी हाय!"

"आबा, पाटीनं इष उतरत न्हाई. ह्या डॉक्टरची बिलं मी रोज बघतो. निम्मी साप चावल्याची असत्यात."

"कालेज सोडलेला आमाला शिकवनार व्हय रं?"

आमच्या मोठ्यांनी वयाशिवाय काही कमावलेलं नाही. मी गाडी पाटणातच थांबवली.

डॉक्टरनं लगेच विषावरची इंजेक्शनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी चुलता उठून बसला, तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर, मग फॉर्मवर त्वचारोग का लिवता?"

"फॉर्म आमचे वडील भरतात," डॉक्टर म्हणाले. "मला पेशंट तेवढे बघू देतात."

घरातल्या एकाही मोठ्याच्या मी पाया पडत नाही. डॉक्टरच्या पडलो, चुलत्याच्या देखत.