तिनं अम्मा म्हणून वाढलं

मी मिरजेची. मालक गेले तवा प्रशांत सहा वर्षांचा, मग मी खानावळ काढली, कॉलेजची पोरं जेवायची, आन् काय सांगू ताई तुम्हाला, पोरगं ताटावर आडवा हात धरायचं, मावशी बास, बास म्हणायचं, तरी मी भाकरी टाकायचीच. पहिल्यांदा माणूस नकोच म्हणतंय, दुसऱ्यांदा बी नको म्हणतंय, मग जेवतंय. त्यांच्या बासवर गेले असते तर निम्मी पोरं उपाशी उठली असती.

गुडघे गेले, खानावळ बंद केली, प्रशांतनं हितं आयर्लंडात, गॉलवेला आणलं, त्याला दीड वर्ष झालं. प्रशांत आन् सून सकाळी गाडी काढून कामाला जातात, नात शाळेत, आली की मी मराठीत बोलते आन् ती इंग्रजीत, समजतं तिला सगळं, पण गप्पा कशा व्हायच्या? दिवसभर बोलायला कुणी न्हाई हो. लई एकटं वाटतं.

तर सुट्टीत आमी पेनांगला गेलो, तिकडं मलेशियात. संध्याकाळी एक बाई गाड्यांवरचं खायला घालत गावभर फिरवते, सेल्वी नाव, तमिळ. एका गल्लीत चिनी, मलय, तमिळ, समदे शेजारी शेजारी, कढया दणदणतायत, धूर, आरडाओरडा, आगं बाई, किती दिवसांनी जिवात जीव आला माझ्या! चिनी बाबानं शेवयांची ताटली पुढं केली, मी सवयीनं म्हटलं नको, त्यानं हसून ती दुसऱ्याला दिली. पुढच्या गाडीवर तसंच, त्याच्या पुढं बी तसंच. प्रशांत म्हणाला, आईला भूक नसेल. आन् मी भुकेनं कासावीस. शेवटी सेल्वीनंच बघितलं, अम्मा अम्मा करत गरम रोटी माझ्या ताटलीत टाकली, मी हात आडवा धरला तरी टाकली, वर आमटी ओतली. मला रडूच फुटलं. प्रशांत म्हणतो, तिखट लागलं का गं?

तिथंच बाकड्यावर त्यानं विचारलं, आई, तुझा राहायचा परवाना संपत आलाय, वाढवू का, राहतेस आमच्याजवळ? माझं सगळं मन हो म्हणत होतं. तोंडातनं आलं, नको रे, तुमच्यात कशाला माझी अडचण. तो म्हणाला, ग्रँड, हितली माणसं 'बरं, ठीक' म्हणायला असंच म्हणतात, तुझ्या मनासारखं होऊ दे. पुढं दोन गाड्या झाल्या, नारळाच्या दुधातलं गारगार गोड खाल्लं, मी आपली वाट बघतेय, आता परत विचारंल, आता विचारंल. न्हाई विचारलं.

आता रविवारी मिरजेला परत जायचं विमान हाय. तुम्ही म्हणता, मावशी, सांगून टाका. आवं, सगळ्यांना वाढण्यात जन्म गेला, आपल्याला मागून घ्यायचं कसं ते शिकलेच न्हाई. आन् त्याचा काय दोष? आईचा शब्द राखला असंच वाटतंय त्याला. गुणाचं लेकरू हाय, सुखात राहू दे माझं बाळ.

काल बॅग भरताना म्हणाला, आई, थोडी जागा उरलीय, हितलं आणखी काही नेतेस का? मी म्हटलं, नको. त्यानं लगेच चेन ओढली.